उपवासकाळातली विहीर

परवा आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या महिला संघाच्या बाई घरी आल्या आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या तिसऱ्या शुक्रवारी साक्ष द्यायची म्हणून माझं नाव वहीत लिहून गेल्या. मला विचारलं नाही. सत्तरी ओलांडली की माणसाला विचारत नाहीत, नुसतं कळवतात. विषय, माझं पाचारण. वेळ पाच मिनिटं. देवानं आपल्याला कधी, कुठं आणि कसं बोलावलं ते तेवढ्यात सांगायचं, मग प्रार्थना, मग चहा आणि खारी. चहाखारीबद्दल माझी काही तक्रार नाही. बाकीच्याचं काय करावं हा प्रश्न आहे, कारण मला कुणी बोलावल्याचं आठवत नाही.

पाचारण हा शब्द बाहेरच्या लोकांना फक्त वर्तमानपत्रात भेटतो. बंदोबस्ताला पोलिसांना पाचारण करतात, आग लागली की बंबाला करतात. आम्हा ख्रिस्ती लोकांत मात्र तो रोजच्या वापरातला आहे. आमच्याकडे देव माणसाला पाचारण करतो, आणि माणूस हातातलं काम टाकून प्रभूच्या मागं जातो. मला लहानपणापासून या शब्दाचं भारी कुतूहल. हाक येते म्हणजे नेमकी कशी येते? कानात येते की पोटात? नावानं बोलावतात, की नुसतं 'अहो' म्हणतात? देव सोलापूरची भाषा बोलतो की उपासनेतली? आणि आपण ओ दिली नाही तर तो पुन्हा हाक मारतो, की पुढच्या घरी जातो?

हे प्रश्न मी भेटेल त्याला विचारायची. आमच्या पाळकसाहेबांना कुर्डुवाडीच्या फलाटावर पाचारण झालं होतं. रेल्वेच्या नोकरीसाठी निघाले होते, बाकावर बसल्या बसल्या हाक आली आणि त्यांनी पुण्याची गाडी सोडून दिली. हे ते दरवर्षी सांगत आणि दरवर्षी तिथंच रुमाल काढत. मी एकदा विचारलं, गाडी वेळेवर होती की लेट? रविवारच्या शाळेचे मास्तर विषमज्वरात एकविसाव्या दिवशी बोलावले गेले. आईला विचारलं तर ती चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाली, "मला रोज पहाटं गिरणीचा भोंगा बोलावतो, नवऱ्याचा डबा कर म्हणून. दुसरं कुणी बोलावल्याचं मला ठावं न्हाई."

आता खिडकीत बसून हे लिहिते आहे. फाल्गुन अर्धा गेला. समोरच्या कडुनिंबाची पानं गळून संपली, नवी कोवळी तांबूस पालवी आली आहे आणि सकाळी दहालाच रस्ता तापतो. नळाला पाच दिवसांनी पाणी येतं. मघाशी कोपऱ्यावर टँकर मागं घेताना त्याची ती टीं टीं सुरू झाली तशी सगळ्या घरांतून प्लास्टिकच्या घागरी बाहेर पडल्या, आणि मी साक्षीचा कागद बाजूला ठेवून नुसती बघत बसले. घागरी रंगीत झाल्या आहेत, बायकांचे आवाज तेच आहेत. त्या आवाजांबरोबर मला त्र्याहत्तर सालचा उपवासकाळ आठवला. खरं म्हणजे साक्षीसाठी दुसरं काही तरी आठवायला हवं होतं.

त्या वर्षी लोकांना उपवास सांगायची गरजच उरली नव्हती. बहात्तरचा पाऊस आलाच नाही. ज्वारीचं कोठार म्हणवणाऱ्या आमच्या जिल्ह्यात रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी आली. तिची भाकरी थापताना चिरे पडत आणि खाताना घशात अडकत असे. शेंगाची चटणी आणि पाण्याचा घोट असेल तरच ती खाली उतरायची, आणि पाण्याचा घोट मोजून घ्यावा लागायचा. एरवी उपवासकाळात चाळीस दिवस कुणी मटण सोडतं, कुणी चहा. मास्तरांनी त्या वर्षी साखर सोडल्याचं जाहीर केलं. रेशनला साखर दोन महिने आली नव्हती. पण त्यांचा भाव चांगला होता आणि त्यांनी ती घोषणा उभं राहून केली होती, म्हणून कुणी हसलं नाही. मी हसले, तेव्हा आईनं चिमटा काढला.

मी एकोणीस वर्षांची होते. शिक्षिकेचा कोर्स करून नेमणुकीची वाट बघत घरी बसले होते. त्यामुळे दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसायला दिवस मोकळा होता. शहराच्या कडेला, अक्कलकोटच्या रस्त्याला लागूनच आमचं आवार. मध्ये प्रार्थनामंदिर, भोवती दहाबारा घरं, फाटकाजवळ एक खोली आणि मागच्या बाजूला विहीर. फाटकाजवळच्या खोलीत माझी आत्या राहायची.

मार्थाआत्या बायबल बाई होती. हे कामच आता राहिलं नाही, म्हणून सांगते. पांढरं लुगडं नेसून, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात छत्री घेऊन ती सकाळी निघायची. गल्ल्यांतून, आजूबाजूच्या वाड्यांतून हिंडायची आणि बायकांना प्रभूच्या गोष्टी सांगायची. पिशवीत पुस्तकाबरोबर डोळ्यांचं औषध असे, खरजेचं मलम असे, आणि कुणाला माहेरी पत्र लिहून हवं असेल तर पोस्टकार्डंही असत. कुणी तिला ओसरीवर घेई, कुणी पायरीवर बसवी, कुणी अंगणाच्या बाहेरच. जिथं बसवतील तिथून ती गोष्ट सुरू करी. वाटेत मार खाऊन पडलेल्या माणसाला परक्यानं कसं उचललं, ही तिची आवडती गोष्ट. ती सांगताना तो परका अक्कलकोट रस्त्यानंच चालला आहे असं वाटायचं.

तिच्या पाचारणाबद्दल मी निदान वीस वेळा तरी विचारलं असेल. तिचं उत्तर ठरलेलं. "मला कुणी बी बोलावलं न्हाई. मिशनच्या मडमसायबांनी पिशवी दिली, छत्री दिली. येवढं सामान दिल्यावर घरात कशी बसू?"

आणि तरी तीस वर्षं ती चालत होती. कशासाठी, हे मला कळत नव्हतं. आणखी एक गोष्ट मी हेरून ठेवली होती. आत्या सगळीकडे जायची, पण आमच्या आवारापासून मैलभरावर असलेल्या एका वाडीत कधीच जात नसे. रस्ता तिथूनच जात असला तरी ती शेताच्या बांधानं वळसा घालून पुढं जायची. आणि ती वाडी तर तिचं जन्मगाव होतं.

हे कोडं माझ्या वडिलांनी सोडवलं. तेही त्याच वाडीत जन्मलेले, आत्याचे धाकटे भाऊ. एका रविवारी मी फारच मागं लागले तेव्हा त्यांनी सांगितलं. आत्या बारा वर्षांची होती. तेव्हा ती मार्था नव्हती, सोनी होती, आणि आम्ही ख्रिस्तीही नव्हतो. आमच्या लोकांनी वाडीच्या विहिरीच्या कठड्याला हात लावायचा नाही अशी रीत होती. आपलं मडकं लांब ठेवून उभं राहायचं, आणि पाण्याला आलेल्या एखाद्या बाईला दया आली तर तिनं आपल्या घागरीतून वरून ओतायचं. माझी आजी तापानं फणफणलेली, पाणी पाणी करत होती. सोनी सकाळीच मडकं घेऊन विहिरीवर गेली. वाडीतल्या मोठ्या घरची नवी सून, गंगव्वा, पाणी भरायला आली होती. तिनं ओतण्यासाठी घागर उचललीही होती. तेवढ्यात सासूनं ओसरीवरून हाक मारली, आणि ती घागर घेऊन तशीच घरात गेली. नंतर बायका आल्या, गेल्या. ऊन कलल्यावर कुणी तरी सोनीच्या मडक्यात थोडं ओतलं. ती घरी पोचली तेव्हा आजीला पाणी गिळता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आजी गेली. पुढं आजोबा दोन्ही पोरांना घेऊन वाडी सोडून मिशनच्या आवारात आले.

"ताप मोठा होता," वडील म्हणाले. "वाचली नसतीच ती. पर आक्का त्या घराचं नाव घेत न्हाई."

मी ते ऐकलं आणि पहिल्यांदा माझे प्रश्न संपले. दोन दिवस मी कुणाला काही विचारलं नाही म्हणून आईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

फेब्रुवारी सरता सरता वाडीची विहीर आटली. आमच्या विहिरीला पाणी होतं. जुन्या मिशनच्या काळात ती खणली होती, कारण आमच्या माणसांना गावात दुसरी कुठली विहीर मोकळी नव्हती. गोल, दगडानं बांधून काढलेली, आत उतरायला भिंतीतून पुढं आलेले दगड. पाणी खोल गेलं होतं, पण होतं. आणि एका सकाळी फाटकाबाहेर वाडीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहिल्या. बोलत नव्हत्या, मागत नव्हत्या. सगळ्यांच्या पुढं एक उंच म्हातारी होती, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात स्वतःचा दोर. ती गंगव्वा, हे मला वडिलांनी नंतर दाखवून दिलं.

फाटकाची किल्ली आत्याकडे होती. तिनं बाहेर बघितलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

रविवारी उपासनेनंतर कडुनिंबाखाली पंचकमिटी बसली. द्यावं की देऊ नये? कुणी म्हणालं, आपल्यालाच पुरेना. कुणी म्हणालं, आपल्या बापजाद्यांना ह्यांनी थेंब दिला नाही, आता बघू दे. पाळकसाहेब दयेवर बोलले, पण मोघम बोलले. शेवटी सगळे आत्याकडे वळले. तीस वर्षं दारोदार दयेची गोष्ट सांगत फिरलेली बाई, ती 'द्या' म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा ती म्हणाली की इतरांना नाही म्हणता येणार नव्हतं.

आत्या म्हणाली, "नको."

एवढंच. उठली आणि गेली. आज कबूल करते, त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. मला बरं वाटलं. ही आपल्यासारखीच आहे, असं वाटलं. आणि लगेच दुसरं वाटलं की आता ही काय करणार? मी तिच्यावर नजर ठेवायचं ठरवलं. एकोणीस वर्षांच्या मुलीला दुसऱ्याच्या दुःखात कसली गंमत वाटते, हे आठवलं की आज लाज वाटते.

सोमवारी आत्या फेरीला गेली नाही. पिशवी खुंटीवर. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. रोज सकाळी बायका यायच्या, तासभर उभ्या राहायच्या आणि परत जायच्या. आत्या आत बसून मिलो निवडायची. बुधवारी दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आत्या, फेरीला का जात नाहीस?"

"काय सांगू जाऊन?" सुपातून नजर न काढता ती म्हणाली. "पोटात एक आन् तोंडात एक घिऊन कुटं फिरू?"

"मग तीच एक गोष्ट सोडून दुसरी सांग."

"समद्या गोष्टी फिरून तितंच येतात, सुमे. तेच तर हाय."

गुरुवारी सकाळी ती उठली, किल्ली घेतली आणि फाटक उघडलं. पंचकमिटीला विचारलं नाही. चेहरा मात्र देणाऱ्या माणसाचा असतो तसा मुळीच नव्हता, सक्तीनं शाळेत पाठवलेल्या मुलाचा असतो तसा होता. "या," एवढंच ती म्हणाली आणि बाजूला झाली.

पुढं जे झालं ते आमच्याच लोकांत होऊ शकतं. मास्तर धावत आले. आमच्या मंडळीत कुठलीही वस्तू प्रार्थनेशिवाय दिली जात नाही, घेतली जात नाही. सायकल घेतली तरी तिच्या सीटवर हात ठेवून प्रार्थना होते. मास्तरांनी बायकांना विहिरीभोवती गोल उभं केलं, स्वतः कठड्याशी उभे राहिले आणि डोळे मिटून सुरुवात केली. आधी एक गायन झालं, सगळ्या कडव्यांसकट. मग पावसासाठी मागितलं, जिल्ह्यासाठी मागितलं, सरकारसाठी, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांसाठी, गुराढोरांसाठी. ऊन चढत होतं. वाडीतल्या बायकांना वाटलं पाण्याबद्दल हे द्यावंच लागतं, म्हणून त्या पदर डोक्यावर घेऊन निमूट उभ्या. एक बाई तर मधूनमधून हात जोडत होती, कुठं जोडायचे ते न कळून विहिरीलाच जोडत होती. मास्तर परदेशातल्या संकटग्रस्तांपाशी पोचले तेव्हा आत्या म्हणाली, "मास्तर, आता आमेन म्हना." त्यांनी एक डोळा उघडून बघितलं आणि आमेन म्हणाले.

कठड्याकडे सरकताना त्यातल्या एकीनं मला हळूच विचारलं, "उद्या बी गाणं हाय का, बाई?"

मी म्हटलं, "नाही, आजच्यापुरतंच." मास्तरांना मी हे कधी सांगितलं नाही.

आमचा पोहरा आणि दोर कठड्यावर तयार होता. मी पोहरा सोडायला पुढं झाले तशी गंगव्वानं हात आडवा धरला. आवाज चढवून नव्हे, रोजचं बोलावं तसं म्हणाली, "नग यव्वा. आमचा दोर हाय की. तुमी हात लावू नगा." सगळ्यांनी आपापले दोर आणले होते. पाणी आमचं चालत होतं, हात आमचा चालत नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आत्याकडे बघितलं. ती म्हणाली, "बरं. तुमच्या दोरानं घ्या." गंगव्वानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि नजर विहिरीत वळवली. दोघींनी एकमेकींना ओळखलं होतं की नाही, हे मी किती निरखलं तरी मला ठरवता आलं नाही.

बायका गेल्यावर मी आत्याशी भांडले. "तुला राग येत नाही?"

"येतो की."

"मग?"

"माझ्या रागानं त्यांची तहान थांबती का?"

उत्तर चांगलं होतं, पण ते देता देता तिनं फाटकाचं कुलूप दोनदा ओढून बघितलं. म्हणजे हिचं आत काही मिटलेलं नाही, हे मला कळलं. मग हे करते कशी? मनात नसताना केलेली दया ही दया का? पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले, मन आधी शुद्ध हवं. मला ते पटलं नाही. मन शुद्ध होईपर्यंत वाडीतल्या माणसांनी काय प्यायचं?

पंधरा दिवस असे गेले. मग आमच्याही विहिरीनं तळ दाखवला. दोर टाकला की पोहऱ्यात चिखल यायचा. एका बाजूला दगडाच्या कपारीतून झरा तेवढा पाझरत होता आणि त्याचं वाटीदोनवाटी खोल डबकं साचत होतं. वरून ते घेता येत नव्हतं. कुणी तरी आत उतरायचं, वाटीवाटीनं घागर भरायची, आणि वरच्यांनी ती ओढून घ्यायची, हाच एक मार्ग. पुरुष सगळे गिरणीत नाही तर दुष्काळी कामावर. पहिल्या दिवशी मी काही बोलायच्या आत आत्यानं काष्टा वर खोचला, कमरेला दोर बांधून घेतला आणि भिंतीतल्या दगडांवर पाय देत उतरायला लागली. साठीला आलेली बाई. तिचा पाय घसरला की मी वरून दोर घट्ट ओढून धरायची. तळाशी पोचल्यावर तिनं आधी आमच्या आवारातल्या घागरी भरल्या. मग खालून आवाज दिला, "वाडीच्या सोडा आता."

कुणी घागर सोडेना.

आता दोर स्वतःचा असून उपयोग नव्हता. पाणी आत्याच्या हातानं, आत्याच्या वाटीनं घागरीत पडणार होतं. बायका एकमेकींकडे बघत उभ्या. एक जण दोराची गाठ बांधत होती, सोडत होती. मी कठड्यावर बसले होते आणि मनात म्हणत होते, जा आता परत, बघू किती दिवस जाता.

मग गंगव्वा पुढं आली. तिच्या घरी नातसून आठ दिवसांची बाळंतीण होती, हे आदल्या दिवशी बायकांच्या बोलण्यातून मला कळलं होतं. तिनं घागरीला गाठ मारली, ओढून बघितली आणि घागर आत सोडली. ती खाली टेकल्याचा आवाज आला. आत्यानं विचारलं, "कुणाची हाय?" आमच्या आवारातल्यांचं तिनं असंच प्रत्येकीला विचारलं होतं, घरात माणसं किती त्याप्रमाणे भरायला. मी वाकून सांगितलं, "गंगव्वांची."

खालून काहीच आलं नाही. वाटीचा आवाज नाही, बोलणं नाही. आत अंधार होता, मला आत्याचं डोकं तेवढं अंधुक दिसत होतं. ती घागरीसमोर उभी होती. मी गंगव्वाकडे बघितलं. दोर तिच्या मुठीत होता आणि मूठ कठड्यावर टेकली होती. वेळ गेला. बराच गेला. मला वाटलं, ही रिकामी घागर वर पाठवणार, आणि पाठवली तर मी तिला दोष देणार नाही.

गंगव्वा कठड्यावर ओणवी झाली. खाली बघत म्हणाली, "सोने, मी हाय. घरात बाळंतीण हाय. तळाचं असंल तेवढं दे."

पंचेचाळीस वर्षांत त्या नावानं आत्याला कुणी हाक मारली नव्हती. माझ्या वडिलांनीसुद्धा नाही. म्हणजे गंगव्वाला आठवत होतं. सगळं आठवत होतं, आणि आठवत असूनही ती पंधरा दिवस गप्प राहून पाणी नेत होती.

मग खालून दगडावर वाटी घासल्याचा आवाज आला. वाटीनं घागर भरायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. आत्या पाणी घेत होती, ओतत होती, झऱ्याला पुन्हा साचू देत होती. घागर वर आली ती काठोकाठ होती. गंगव्वानं ती कठड्यावर टेकवली, ओंजळभर घेतलं, तिथंच उभी राहून प्यायली आणि घागर डोक्यावर घेऊन चालू लागली. माफीबिफी काही नाही. तिच्यामागं दुसरीनं घागर सोडली, मग तिसरीनं.

दुपारी आत्याच्या गुडघ्यांना तेल चोळताना मी विचारलंच. मला राहवतच नव्हतं. "तू खाली गप्प का झाली होतीस?"

तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाली, "आई आठवली. वाटलं, रिकामीच जाऊ दे वर. लई वाटलं गं. हात हलंना." पुढं म्हणाली, "मग म्हनलं, पान्यावाचून माणूस घरात कसं वाट बघतं ते आपल्याला ठावं हाय. ठावं असून आपुन तसंच केलं, तर आईला काय सांगू? आन् प्रभूला तरी काय?" आणि ती रडली. मी जन्मल्यापासून तिला पहिल्यांदाच रडताना बघत होते.

"आत्या, हेच पाचारण का मग?"

पदरानं डोळे पुसत ती वैतागली. "तुला ना, समद्याला नाव पायजे. चोळ नीट, उजवा लई दुकतोय."

आता हे पाच मिनिटांत कसं सांगायचं? आणि सांगितलं तरी ही साक्ष आत्याची होते, माझी होत नाही. महिला संघाच्या बाईंना माझी हवी आहे. आत्या जाऊन चाळीस वर्षं झाली. विहिरीवर लोखंडी जाळी बसवली आहे, तिच्यात पोरं वेफर्सच्या पिशव्या टाकतात. आवारात बोअर आहे. फलाट, विषमज्वर असलं काही माझ्यापाशी नाही. माझ्यापाशी फक्त दुसऱ्या दिवशीची सकाळ आहे.

दुसऱ्या दिवशी आत्याला बाजेवरून उठता येईना. गुडघे सुजून टम्म झाले होते. फाटकाबाहेर बायका येऊन उभ्या राहिल्याचं आम्हा दोघींनाही ऐकू येत होतं. 'तू जा' असं ती म्हणाली नाही. किल्लीकडेही बघितलं नाही. छताकडे बघत पडून राहिली. मी खोलीभर दोन फेऱ्या मारल्या. मला खोल जागेची भीती वाटते, विहिरीत तर नुसतं डोकावायचं झालं तरी मी कठडा घट्ट धरते. आणि त्या बायकांबद्दल माझ्या मनात दया नव्हती हे आज सांगून टाकते. गंगव्वाबद्दल तर मुळीच नव्हती. आजी मला कधी बघायला मिळाली नाही, ती कशी हसायची ते मला कुणी सांगू शकलं नाही, आणि त्याचा हिशोब मी त्या उंच म्हातारीच्या नावावर मांडून ठेवला होता. हाक येईल का म्हणून मी, खोटं कशाला सांगू, कान देऊन ऐकलंही. बाहेर कुणाची तरी घागर दगडाला लागल्याचा आवाज आला, बाकी काही नाही.

मी किल्ली घेतली, फाटक उघडलं आणि कुणाच्या तोंडाकडे न बघता विहिरीकडे गेले. कमरेला दोर बांधला. आईनं तो कठड्याच्या दगडाला दोनदा गुंडाळून धरला. उतरताना मी डोळे मिटून घेतले होते, पायानं दगड चाचपत होते. तळाशी गार होतं. चिखलाचा आणि शेवाळाचा वास येत होता. कपारीतून पाणी इतकं बारीक येत होतं की बोट लावल्याशिवाय कळत नव्हतं. आत्याची वाटी तिथंच दगडावर पालथी होती. वर बघितलं तर ताटाएवढं आभाळ आणि त्याच्या कडेनं डोकी. उन्हामुळे सगळी काळी दिसत होती, चेहरे ओळखू येत नव्हते.

पहिली घागर खाली आली. माझ्या समोर, चिखलात टेकली. पितळेची होती, तशा घागरी आवारात होत्या आणि वाडीतही होत्या. दोर वर ताणलेला होता, कुणाच्या तरी हातात होता. जन्मात कुठला प्रश्न मी गिळला नव्हता आणि तो तर जिभेच्या टोकावर होता. विचारलं असतं तर वरून लगेच उत्तर आलं असतं.

मी वाटी उचलली आणि भरायला लागले. कुणाची, ते विचारलं नाही.